रुमाह बेलायोंग आता अस्तित्वात नाही

"अध्यक्ष महोदय, रुमाह बेलायोंग या नावाचं घर आता अस्तित्वात नाही," मंत्री म्हणाले. पाण्याचा एक घोट घेऊन त्यांनी पान उलटलं. "त्यामुळे नांगा तेरापच्या पुलाची फाइल बंद करण्यात आली आहे."

वर प्रेक्षकांच्या सज्जात त्या अस्तित्वात नसलेल्या घरातली दोन माणसं बसली होती. एक सांगाऊ, घराचा तुआई, म्हणजे मुखिया. दुसरी मेंगान, आधीच्या तुआईची, बेलायोंगची, विधवा. आदल्या दिवशी दोन तास होडीत आणि सात तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून दोघं दीर-भावजय राजधानीला पोचली होती, आणि आता आपण नाहीच आहोत असं ऐकत होती.

खाली विरोधी बाकावर रेजिना उभी होती. बेलायोंग तिचे वडील, सांगाऊ तिचा सख्खा काका. अकरा वर्षांपूर्वी मंजूर झालेला पूल कधी बांधणार, हा तिचा प्रश्न चार अधिवेशनं मागे पडत पडत आज कुठे पुकारला गेला होता.

"त्याच ठिकाणी," मंत्री वाचत होते, "रुमाह सांगाऊ नावाची एक नवी वस्ती नऊ वर्षांपूर्वी झाली आहे. नव्या वस्त्यांच्या यादीत तिचं नाव आहे. तिचा विचार यथावकाश होईल."

आमच्याकडे घराला तुआईचं नाव लागतं. अख्खं गाव एका छपराखाली, एका रांगेत सत्तावीस दारं, आणि त्या सगळ्यांचं मिळून नाव एक. तुआई गेला की नाव गेलं. नवा तुआई, नवं नाव. घर तेच, खांब तेच, कोंबड्यासुद्धा त्याच. आमच्या पोराटोरांना जे कळतं ते खात्याच्या यादीला कळत नाही, याचं आम्हाला आता नवल वाटेनासं झालं आहे.

"पूरक प्रश्न, अध्यक्ष महोदय," रेजिना म्हणाली. "या नव्या वस्तीचे खांब माझ्या पणजोबांनी रोवलेत, हे मंत्रिमहोदयांना माहीत आहे का?"

दोन्ही बाजूंना हशा पिकला. मंत्रीही हसले. माणूस वाईट नव्हता, फक्त वाचून दाखवणारा होता.

"सन्माननीय सदस्यांच्या पणजोबांबद्दल मला आदर आहे. पण यादीत आहे ते मी सांगतो."

"मग यादी चुकली आहे."

"यादी त्या घराच्या तुआईंच्याच अर्जावरून झाली आहे. सही आहे, शिक्का आहे."

रेजिनानं मान वर करून सज्जाकडे पाहिलं. सांगाऊ स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत होता. तेवढ्यात अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांचा तास संपल्याचं सांगितलं, आणि सगळं सभागृह पुढच्या विषयाकडे वळलं.

•

मेंगाननं पहाटेच बांबूच्या नळीत कोंबडी शिजवून ठेवली होती. लेकीच्या भाड्याच्या घरामागे जाळ करायला वावभर जागा होती आणि शेजारी तक्रार करणारे नव्हते. घरी आल्यावर तिनं नळी फोडली, रस परातीत ओतला आणि कोण कुठे बसतंय ते पाहत राहिली. आमच्या घराण्यात कोण कुणाच्या बाजूचा आहे हे तोंडावरून कळत नाही, बसण्यावरून कळतं.

सांगाऊ दाराजवळ बसला, पाठ भिंतीला. त्याचा मुलगा लुकास ऑफिसातून थेट आला आणि गळ्यातलं ओळखपत्रही न काढता बापाच्या शेजारी टेकला. तो त्याच मंत्र्यांच्या खात्यात इंजिनिअर होता. रेजिना समोर एकटीच. तिनं ताट पुढे ओढलं, पण जेवली नाही.

"काका, तुम्ही असला अर्ज केलात तरी कधी?"

"तुआई झालो तेव्हा. नाव बदलायला नको?"

"नाव बदलायला हवंच. पण त्यात नवी वस्ती असं कुणी लिहिलं?"

सांगाऊनं कोंबडीचं हाड नीट साफ केलं. "मला काय ठाऊक, कागदावर कुणी काय लिहिलं ते. माझी सही आहे. ती खरी आहे."

"मी लिहिलं," लुकास म्हणाला.

परातीतला चमचा मेंगानच्या हातात तसाच राहिला.

"फॉर्म मी भरला होता, ताई. मी तेव्हा शिकत होतो. फॉर्मवर दोनच चौकोन होते, 'नवी वस्ती' आणि 'स्थलांतरित वस्ती'. आपण हललो नव्हतो. मग मी नवीवर खूण केली. नाव बदललं असा चौकोनच नव्हता." त्यानं गळ्यातलं ओळखपत्र शर्टात सारलं. "आणि आजचं उत्तरही मीच लिहिलंय."

"काय?"

"तुझा प्रश्न माझ्या टेबलावर आला. मी यादी उघडली. यादीत जे होतं ते लिहिलं. खरं लिहायचं तर माझीच चूक आहे असं वरच्या साहेबांना सांगावं लागलं असतं. मला वाटलं, तू पूरक प्रश्नात सांभाळून घेशील. तू बोलण्यात हुशार आहेस."

"वा रे वा," रेजिना म्हणाली. "म्हणजे मी सभागृहात तोंडावर आपटले ते घरातल्याच पाटावरून घसरून."

सांगाऊनं मुलाकडे पाहिलंही नाही, पण तो त्याच्यापासून किंचित बाजूला सरकला. मेंगाननं ते टिपलं. इतका वेळ दोघं एकीकडे होते. आता तिघं तीन दिशांना.

"बरं, झालं ते झालं," रेजिना म्हणाली. "गुरुवारी मंत्री सगळ्यांना शेवटचं उत्तर देणार. त्या वेळी मला उठून खुलासा मागता येतो. एकदाच. लुकास, काय मागू?"

लुकासनं खिशातून पेन काढलं आणि उगाच परत ठेवलं. "यादी दुरुस्त करा म्हणालीस, तर समिती बसेल, पाहणी होईल, रुमाह सांगाऊच्या नावानं नवी फाइल निघेल. तीन वर्षं धर. कदाचित चार. पण बंद झालेली फाइल उघडायला मंत्र्यांची एक सही पुरते. नकाशे तयार आहेत, खांबांच्या जागा ठरल्यात."

"मग तेच मागते."

"ती रुमाह बेलायोंगच्या नावानं आहे, ताई. तुआईनं पत्र देऊन म्हणायला हवं की आमचं घर रुमाह बेलायोंगच आहे. आणि पूल होईपर्यंत ते नाव तसंच ठेवायला हवं. कागदावर आणि घरावरही. पाहणीला माणसं येतील, त्यांना घर सापडायला नको?"

सांगाऊ सावकाश उठला. चूळ भरून हात धुतले आणि तसाच उभा राहिला.

"आता कळलं."

"काय कळलं, काका?"

"तू का उभी राहिलीस निवडणुकीला ते. नऊ वर्षं वाट पाहिलीस. बापाचं नाव परत घरावर चढवायचं होतं, तर सरळ सांगायचंस. पुलाचं निमित्त कशाला?"

"काका, मी पुलाबद्दल बोलतेय."

"मीही पुलाबद्दलच बोलतोय. पूल झाला तर तो बेलायोंगचा. नळ आला तो बेलायोंगचा. कोण गेलं होतं डोंगरावर? चाळीस दिवस पाइप खांद्यावर वाहिले मी, जळवा लावून घेतल्या, आणि उद्घाटनाला हार कुणाच्या गळ्यात? तू होतीस की समोर. टाळ्या वाजवत होतीस." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मेलेल्या माणसाचं नाव जिवंत घरावर कुणी लावतं का? मी मेलो की माझंही उतरेल. तोवर राहू दे."

रेजिनाला खूप काही बोलता आलं असतं. बोलणं हाच तिचा धंदा होता. पण तिला त्या क्षणी स्वतःचीच खात्री वाटेना. सकाळी मंत्र्यांच्या तोंडून बापाचं नाव आणि 'अस्तित्वात नाही' हे शब्द एकत्र ऐकले, तेव्हा जे झोंबलं ते पुलासाठी नव्हतं. काकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं.

"पाइप तू टाकलेस," मेंगान म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती परात पुसत होती.

"रोज दुपारी भात घेऊन मीच चढत होते ना वर? त्या दिवशी हार तुझ्या गळ्यात पडायला हवा होता. रेजिनाच्या बापाला मी रात्रीच तसं सांगितलं होतं. तो म्हणाला, सांगाऊ माझा भाऊ आहे, त्याला काय वाटायचंय." तिनं परात पालथी घातली. "त्याला माणसं कळायची, भाऊ कळला नाही."

"वहिनी, तुम्हाला तरी हवंय ना त्याचं नाव?"

"मला कशाला? माझ्या तोंडात त्याचं नाव कधी नव्हतंच. मला पूल हवाय. तुझी नात एमी सहा वर्षांची आहे. सोमवार ते शुक्रवार शाळेच्या हॉस्टेलात निजते, आणि आपल्या ओसरीवरून, रुआईवरून दिसतं ते हॉस्टेल. नदीच्या पलीकडं तर आहे. कुठल्या आईला आपल्या पोराची खोली दिसावी आणि पोर दिसू नये?"

सांगाऊनं दार उघडलं आणि बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसला. जेवण अर्धंच राहिलं.

•

मंगळवार गेला, बुधवार गेला. सांगाऊ कुणाशी भांडला नाही. त्यानं रेजिनाच्या न्हाणीघराचा गळका नळ बदलला, कुंपणाची वाकलेली तार सरळ केली, आणि विचारलं त्याला 'हो' किंवा 'बघू' एवढंच उत्तर दिलं. पत्राचा विषय कुणी काढला नाही. लुकास मात्र दोन्ही दिवस संध्याकाळी आला, कॉफी पिऊन गेला, आणि जाताना बापाच्या बाजूला एकदा तरी उभा राहिला.

सांगाऊच्या मनात काय चाललं होतं ते त्यानं पुढे बऱ्याच दिवसांनी, तांदळाच्या दारूचे, तुआकचे, तीन पेले पोटात गेल्यावर, सांगितलं. त्याला एमीचा पिवळा फ्रॉक दिसत होता. हॉस्टेलच्या तारेवर तो वाळत घातलेला रुआईवरून स्पष्ट दिसतो. जानेवारीपासून तो रोज सकाळी जाळं विणायच्या निमित्तानं त्याच कोपऱ्यात बसायचा. फ्रॉक दिसला की पोर बरी आहे. एकदा तीन दिवस दिसला नाही, आणि नदीला पूर. चौथ्या दिवशी पाणी उतरल्यावर तो होडी घेऊन गेला तर एमीला ताप येऊन गेलाही होता. ती आजोबांना म्हणाली, "आकी, मी हाक मारली होती. तुला ऐकू नाही आली?"

हे त्यानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि तरीही ते नाव. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्याच्या नावाचं एवढंच काय ते झालं होतं. माणसाला वाटणारच की.

•

गुरुवारी सांगाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, केस पाण्यानं बसवून, सगळ्यांच्या आधी दारात तयार होता. त्याच्याकडे पत्र नव्हतं. रेजिनानं विचारलंही नाही. गाडीत मेंगान मधे बसली.

मंत्र्यांचं भाषण दीड तास चाललं. रस्ते झाले, धक्के झाले, दवाखाने झाले. रेजिना उठली.

"खुलासा हवा, अध्यक्ष महोदय. सोमवारी मंत्रिमहोदय म्हणाले, रुमाह बेलायोंग अस्तित्वात नाही. मी त्या घरात जन्मले. आमच्याकडे तुआई बदलला की घराचं नाव बदलतं, हे या सभागृहातल्या निम्म्या सदस्यांना त्यांच्या आजीनं सांगितलेलं आहे. रुमाह बेलायोंग आणि रुमाह सांगाऊ हे एकच घर. सत्तावीस दारं आहेत, येऊन मोजा. एकोणीस पोरं घर दिसत असताना हॉस्टेलात निजतात, त्यात पाच जण सात वर्षांच्या आतले. ती फाइल मंत्रिमहोदय उघडतील का?"

सत्ताधारी बाकांवरही दोघं-तिघं मान हलवत होते. मंत्र्यांनी मागे वळून अधिकाऱ्यांच्या रांगेकडे पाहिलं. तिथं लुकास बसला होता. नियम असा की त्यानं चिठ्ठी द्यायची, मंत्र्यांनी ती वाचायची. लुकासनं चिठ्ठी आधीच लिहून ठेवली होती. त्यानं ती पुढे पाठवली तेव्हा त्याच्या साहेबांनी ती वाटेत वाचली, त्याच्याकडे पाहिलं, आणि जाऊ दिली.

मंत्र्यांनी ती दोनदा वाचली.

"मला असं कळवण्यात आलं आहे," ते सावकाश म्हणाले, "की नऊ वर्षांपूर्वीच्या अर्जात एका चौकोनावर चुकीची खूण झाली होती. खूण करणाऱ्यानं तसं इथं लिहून दिलं आहे." त्यांनी चष्मा काढला. सोमवारपासून पहिल्यांदाच ते न वाचता बोलत होते. "माझी आजी अशाच घरातली होती. सन्माननीय सदस्यांचं म्हणणं मला पटतं. पण फाइल ज्या नावानं आहे ते नाव त्या घराच्या तुआईंना मान्य हवं. त्यांनी स्वतः अर्ज करून ते बदललं होतं. त्यांचं पत्र आहे का?"

पत्र नव्हतं, आणि आहे म्हणणं रेजिनाला जमलं नाही.

"पत्र आलं की पाहू," मंत्री म्हणाले. म्हणजे पुढचं अधिवेशन.

सज्जात खुर्ची करकरली.

"मला लिहिता येत नाही नीट," सांगाऊ म्हणाला. तो उभा होता, दोन्ही हात कठड्यावर. "सांगतो. अर्ज माझा, चूक माझी. घर बेलायोंगचंच आहे. मी राखतोय. फाइल उघडा."

रखवालदार धावत आला. अध्यक्षांनी हातोडा आपटला. "सज्जात बोलता येत नाही. खाली बसा. पाहुण्यांचे शब्द कामकाजात नोंदवले जाणार नाहीत."

सांगाऊ लगेच खाली बसला. मेंगाननं त्याच्या शर्टाची बाही धरून ठेवली होती. त्यानं ती सोडवून घेतली नाही.

"अध्यक्ष महोदय," रेजिना म्हणाली. "सदस्याचे शब्द नोंदवले जातात ना? मग मी बोलते. ज्यांनी चाळीस दिवस खांद्यावर पाइप वाहून आमच्या घरात पाणी आणलं, ते माझे काका, आमच्या घराचे तुआई सांगाऊ अनक जाबिंग म्हणतात: अर्ज माझा, चूक माझी. घर बेलायोंगचंच आहे. मी राखतोय. फाइल उघडा."

खाली नोंद घेणाऱ्या बाईंनी मान वर केली. "जाबिंग? शेवटी 'ग' आहे ना?"

"हो," रेजिना म्हणाली. "नीट लिहा."

मंत्री उठले. "फाइल उघडली जाईल. पावसाळा सरून पाणी उतरलं की खांबांची आखणी. हे मी सभागृहात बोलतोय, तेव्हा मलाही आता मागे फिरता येणार नाही." आणि ते हसले, सोमवारपेक्षा वेगळं.

•

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. लुकास धापा टाकत आला. त्याला साहेबांनी दुपारी बोलावलं होतं. काय होईल ते त्याला ठाऊक नव्हतं, पण चेहरा हलका होता. सांगाऊनं त्याच्या गळ्यातलं उलटं झालेलं ओळखपत्र सरळ केलं. एवढंच.

रेजिनाला काकांना काहीतरी म्हणायचं होतं. तिनं सुरुवातही केली. "काका, मला खरंच अपाईचं नाव..."

"हवं होतं," सांगाऊ म्हणाला. "माहीत आहे. हवं असायला काय झालं? तुझा बाप होता तो. फोन लाव."

तिनं घरी फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे रुआईवर सगळं घर जमलेलं होतं. तिथल्या टीव्हीवर त्यांनी सगळं पाहिलं होतं, पण ऐन वेळी वीज गेली आणि तुआई उभा राहिलेला दिसला तेवढ्यावर पडदा काळा झाला होता.

"पूल होणार," सांगाऊ म्हणाला.

बराच वेळ नुसता गलका ऐकू येत राहिला. कोणीतरी रडत होतं, कोणीतरी कुणाला तरी पोरांच्या शाळेकडे होडी न्यायला सांगत होतं. मग एकानं, बहुधा पाचव्या दारातल्या म्हाताऱ्या एन्साऊनं, चाचरत विचारलं, "आणि तुआई, ती दारावरची नावाची पाटी? काढायची का आम्ही?"

रेजिनानं फोन काकांच्या तोंडाजवळ धरला.

"हात लावू नका तिला," सांगाऊ म्हणाला. "मी येतोय शनिवारी. मी लावली होती, मीच उतरवीन. गुडघे धड नाहीत माझे, शिडी तेवढी कुणीतरी धरा."

"मी धरते," मेंगान म्हणाली.